बाळाचे मोजे

आईनं पिशवीतून तो जोड काढला, उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "कुणाच्या बाळाला गं हे? आणि एवढं थोरलं?"

तिचं काही चुकलं नव्हतं. आपल्याकडं बोटं नसलेले हातमोजे घालतं ते तान्हं बाळ. नखं कोवळी पण धारेची, तोंड ओरबाडून घेतं, म्हणून मनगटाशी नाडी आवळलेल्या दोन इवल्या पिशव्या. माझा जोडही तसाच होता. काळा, जाडजूड, आतून मऊ, अंगठ्याला एक खोली आणि उरलेल्या चौघांना मिळून एक. याला मिटन म्हणतात, असं मी सांगितलं. तिनं 'मटण' ऐकलं असतं तर हा लेख जास्त रंगला असता, पण ती नुसती "बरं" म्हणाली आणि किंमत विचारली. मी आठशे सांगितली. खरी बावीसशे होती.

मी साताऱ्यात एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. एकवीस वर्षं झाली. दिवसभर हातात ग्लोव्ह्ज असतात, पण असे पातळ की त्यातून शीर लागते. शीर डोळ्यांना दिसते त्यापेक्षा बोटाला जास्त कळते. कोपराच्या खोबणीत तर्जनीचं टोक टेकवून दाबायचं. दोरीसारखी टणक लागली तर ती बहुतेक शीर नव्हेच. रबरासारखी उसळली की आपली. जिचं पोट या एका बोटाच्या टोकावर चालतं, तिनं चार बोटं एका पोत्यात कोंबायची म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधून कामाला बसायचं. म्हणून गुलमर्गला जायचं ठरलं तेव्हा मी आधी पाच बोटांचेच घेतले होते. मिटन नंतर आले, आणि ते आबांमुळं आले.

गुलमर्गचं ठरलं ते यवतेश्वरच्या घाटात. आम्ही पाचजण रविवारी पहाटे कासच्या रस्त्याला पळतो. हिल मॅरेथॉनच्या निमित्तानं सुरू झालेलं हे वेड मॅरेथॉन संपली तरी उतरलं नाही. त्या दिवशी चढ संपल्यावर धापा टाकताटाकता आमच्यातला एकजण म्हणाला, उतारच उतार असलेला एखादा खेळ नसतो का? त्यातून स्कीइंग निघालं. वय एक्केचाळीस, बर्फ म्हणजे उसाच्या रसातला आणि फ्रीझरमधला, अशा अवस्थेत मी हो म्हणाले.

आम्हाला थंडी माहीत नाही असं नाही. महाबळेश्वर १,३७२ मीटरवर आहे, आणि दर हिवाळ्यात एखाद्या सकाळी पेपरात तो फोटो येतोच: वेण्णा लेकच्या काठी गाडीच्या टपावर, गवतावर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर साखर पेरल्यासारखे हिमकण. 'दवबिंदू गोठले.' मग साताऱ्यातली माणसं स्वेटर शोधतात आणि दहा वाजता ते कमरेला बांधून हिंडतात. हातमोजे मात्र आमच्याकडं जास्त दिसतात ते उन्हाळ्यात. मे महिन्यात पोवई नाक्यावर सिग्नलला थांबलेल्या स्कूटीवाल्या पोरी पाहा, सनकोट, तोंडाला स्कार्फ आणि कोपरापर्यंत हातमोजे. थंडीसाठी हात झाकायची अक्कल आम्हाला कुणी शिकवलेली नाही.

तसं म्हणायला हा फौजींचा जिल्हा. आमच्या शेजारचं अपशिंगे, ज्याला सगळे अपशिंगे मिलिटरीच म्हणतात, त्या एका गावानं पहिल्या महायुद्धात ४६ माणसं गमावली. अशा मुलखात बर्फाबद्दल काही विचारायचं तर तिसऱ्या दाराची कडी वाजवावी. मी मात्र आठ दिवस मोबाईलवर माहिती वाचत बसले, आणि ज्यांना विचारायचं ते आमच्याच सोप्यात खुर्चीवर बसून पेपर वाचत होते.

आधी मी काय वाचलं ते सांगते, कारण ते माझ्या कामाशी जुळत होतं. थंडीच्या दिवसांत सकाळी सात वाजता उपाशीपोटी शुगर बघायला माणसं येतात. मोटारसायकलवर वीसेक किलोमीटर आलेली. बोट टोचावं तर रक्तच येत नाही. पांढरंफटक बोट, पिळलं तरी टिपका निघत नाही. मग मी म्हणते, हात काखेत धरून बसा जरा, मी पुढचा पेशंट घेते. शरीर मोठं हिशेबी आहे. थंडी वाजली की ते आधी काळीज, फुप्फुसं, मेंदू सांभाळतं आणि बोटांकडं जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळून घेतं. बोटांनी स्वतःची ऊब स्वतः करावी म्हणावं तर बोटांत स्नायूच नाहीत. बोट वाकवणारे स्नायू तळव्यात आणि कोपराखालच्या हातात. तिथून दोऱ्या येतात आणि कळसूत्री बाहुलीसारखी बोटं हलतात. म्हणजे बोटांना ऊब येते ती रक्तातूनच, आणि गारठ्यात पहिली कपात तिथंच.

आता त्यातही एकेक बोट वेगळ्या पिशवीत घातलं की त्याला चारी बाजूंनी वारा. गरम भात ताटभर पसरला तर दोन मिनिटांत निवतो, मूद तशीच ठेवली तर मधे बोट घालवत नाही. तांदूळ तेवढेच, उघडी बाजू कमी. चार बोटं एका खोलीत ठेवली की मूद होते. (इथं एकत्र कुटुंबाची उपमा अगदी जिभेवर आली होती. पण मी एकत्र कुटुंबातच वाढले आहे, तेव्हा राहू दे.)

हे सगळं पटूनही मी पाच बोटांचे घेतले. फोटो काढायचा तर बोट लागतं, चेन ओढायला लागतं, नाक पुसायलाही लागतं. शिवाय स्कीच्या काठ्या धरायच्या, बुटाचे खटके लावायचे. आबांना तो जोड दाखवला. त्यांनी पेपर खाली ठेवला, मोज्यात हात न घालता नुसतीच बोटं चिमटीत धरून बघितली आणि विचारलं,

"हात कितीदा भाईर काढणार हायेस?"

मला प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, "आबा, हे घालूनच सगळं करता येतं, काढायचे कशाला?"

"येतं म्हंत्यात," ते म्हणाले.

आबा फौजेत ड्रायव्हर होते हे मला माहीत होतं. द्रासच्या बाजूला एक हिवाळा काढला हेही ऐकून होते. पण तिथल्या गोष्टी म्हणजे रॉकेलची शेगडी, डब्यातलं जेवण, आणि पत्रं उशिरा यायची, एवढंच. त्या दिवशी त्यांनी टायरला चेन लावायची गोष्ट सांगितली. बर्फावर टायर घसरू नये म्हणून त्याला लोखंडी साखळी गुंडाळतात. आत लोकरीचा बोटांचा मोजा, त्यावर थोरला बिनबोटांचा, आणि तो पडू नये म्हणून गळ्यातून घेतलेली दोरी, असा सरंजाम. साखळी गुंडाळून झाली, पण शेवटचा आकडा बसेना. बाहेरचा मोजा काढला. तरी बसेना. आतला काढला.

"दोन मिन्टाचं काम हुतं," आबा म्हणाले. "लोखांड हाताला डसायचं. पयलं लई दुखलं. मग दुखायचं थांबलं, तवा म्हटलं, चला, सवय झाली. तितंच चुकलं."

किती वेळ गेला ते त्यांनाही सांगता येत नाही. आकडा बसला. गाडीत बसल्यावर पाहिलं तर उजव्या हाताची दोन बोटं मेणबत्तीसारखी दिसत होती. कुणीतरी चोळायला निघालं, तर मेडिकलवाल्यानं ओरडून थांबवलं आणि हात कोमट पाण्यात धरायला लावला. त्या पाण्यात जे दुखलं, ते त्यांनी मला सांगितलं नाही. नुसतं "मग फोड आले" म्हणाले. बोटं वाचली. टोकांची जाण गेली ती गेलीच.

"बरूबरचा पोरगा म्हनत हुता, उस्ताद, मी लावू का? मोजं घालून हुबा हुता बिचारा. मी म्हटलं, माजी गाडी हाय."

एकवीस वर्षं मी लोकांची बोटं हातात घेते आहे. आबांची शुगर दर महिन्याला मीच बघते. दर वेळी ते डावा हात पुढं करतात. मला वाटायचं, उजवा कामाचा म्हणून जपतात. त्या संध्याकाळी मी त्यांची उजवी तर्जनी हातात घेऊन टोकाला नख रुतवलं. ते पेपर वाचत राहिले.

दुसऱ्या दिवशी पुण्याला जाणाऱ्या एकाला सांगून मी मिटन मागवले.

काश्मीरमध्ये पहिला धडा टंगमर्गलाच मिळाला. तिथून गुलमर्ग तेरा किलोमीटर चढ, आणि बर्फ पडलेला असला की साखळी लावलेली गाडीच वर जाते. आमचा ड्रायव्हर खाली उतरला, तोंडात सिगारेट, आणि उघड्या हातांनी चाकाला साखळी गुंडाळू लागला. बाकीचे चौघं फोटो काढत होते. मी त्याची बोटं मोजत होते, पांढरी पडतात का बघत होते. त्याचा आकडा पहिल्या झटक्यात बसला.

गुलमर्ग २,६५० मीटरच्या आसपास आहे. महाबळेश्वरच्या जवळजवळ दुप्पट उंच. पहिल्या दिवशी मी हट्टानं पाच बोटांचेच घातले. खरं सांगायचं तर ज्याला स्की येतं त्याला ते पुरतात. तो सारखा हलता असतो, अंग तापलेलं असतं, रक्त पोचत राहतं. शिकाऊ माणसाचं तसं नसतं. शिकाऊ माणूस पाच मिनिटं घसरतो आणि पंधरा मिनिटं रांगेत उभा राहतो. मधल्या वेळात पडतो. पडला की दोन्ही हात बर्फात. माझ्या ग्लोव्ह्जची मनगटं आखूड होती, जॅकेटच्या बाहीवर पोचत नव्हती. दर पडण्याला चमचाभर बर्फ आत जायचा आणि तिथं त्याचं पाणी व्हायचं. ऊब देतं ते कापड नसतंच, कापडात अडकलेली हवा देते. तिच्या जागी पाणी आलं की ते हवेच्या सुमारे २५ पट वेगानं ऊब ओढून नेतं. दुपारी बारापर्यंत माझी बोटं दुखत होती, आणि मी दुखतायत म्हणून देवाचे आभार मानत होते. थांबलं तर काय, हे मला माहीत होतं.

आमच्यातल्या एकानं तिथंच एका दुकानातून भाड्यानं ग्लोव्ह्ज घेतले होते. ते आदल्या दिवशीच्या गिऱ्हाइकाच्या घामानं आणि बर्फानं आतून ओलेच होते, हे त्याला पैसे दिल्यावर कळलं. त्यावर त्यानं जे शब्द वापरले ते खास माणदेशी होते आणि इथं देता येणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी मिटन घातले. आत एक पातळ बोटांचा मोजा, वर मिटन, आणि आबांच्या सांगण्यावरून गळ्यातून दोरी. पहिल्या तासात कळलं की काठी धरायला चार बोटं वेगळी लागतच नाहीत. मूठ लागते. आमचे शिकवणारे म्हणाले होते, पडताना काठी सोडून द्या, नाहीतर अंगठा उलटा ओढला जातो आणि सांध्याचा बंध फाटतो. स्कीवाल्यांमध्ये ही दुखापत इतकी नेहमीची की तिला नावच 'स्कीअर्स थंब' पडलंय. अंगठा तर दोन्ही प्रकारांत एकटाच असतो. म्हणजे पोत्यात कोंबलं म्हणून माझं काही बिघडत नव्हतं, आणि हात गरम होते. इतके गरम की आतून घाम येतो की काय असं वाटलं.

पण चेन. हेल्मेटची पट्टी. गॉगलवरचं धुकं. आणि नाक, जे गुलमर्गमध्ये माणसाच्या ताब्यात नसतं. प्रत्येक कामाला मिटन काढा, दातात धरा, काम करा, परत घाला. तिसऱ्यांदा काढला तेव्हा शिकवणारे सरकत जवळ आले. "मॅडम, हाथ अंदर. जो चाहिए, मुझे बोलो." आणि माझी हनुवटी वर करून त्यांनी हेल्मेटची पट्टी लावली. खटकन.

मला फार अवघडल्यासारखं झालं. लॅबमध्ये मी लोकांच्या बाह्या वर सारते, त्यांची मूठ मीच आवळते, मीच उघडते. माझ्या हनुवटीखाली कुणी हात घालून काही बांधल्याला पस्तीसेक वर्षं झाली असतील. बाळाला बिनबोटांचे मोजे चालतात ते काही बाळ जास्त गारठतं म्हणून नव्हे. त्याची सगळी कामं करायला दुसरं कुणीतरी बसलेलं असतं म्हणून. दुकानात ही अट कुणी सांगत नाही. तिसऱ्या दिवसापासून आम्ही पाचजण एकमेकांच्या चेनी ओढायला लागलो. ज्याच्या हातात ग्लोव्ह्ज, त्याला मागणी. ओल्या मोज्यांचा तो माणदेशी गडी शेवटी आमचा सार्वजनिक बोटवाला झाला आणि त्याबद्दल रोज एक कहवा वसूल करायला लागला.

काश्मिरी माणसं या भानगडीत पडतच नाहीत, हे तिथं बघण्यासारखं होतं. फेरनच्या, म्हणजे त्यांच्या पायघोळ अंगरख्याच्या, बाह्या रिकाम्या लोंबत असतात आणि दोन्ही हात आत, पोटाशी, कांगडीवर. वेताच्या टोपलीत मातीचं बोळकं, त्यात निखारे. अख्खं फेरन हाच एक मिटन, आणि आत चूल. श्रीनगरला विट्याकडच्या एका नातेवाइकाकडं जेवायला गेलो. खानापूर-आटपाडीची गलाईवाली मंडळी सोनं-चांदी गाळायला कुठंकुठं पोचलीत, त्यातलंच हे एक घर. तो म्हणाला, "ताई, आम्हाला थंडीचं कौतुक नाही, भट्टीपुढं बसतो." हातावर ॲसिडचे जुने डाग. त्यानं भाकरीबरोबर आमच्या पुढ्यात तासगावचे बेदाणे ठेवले. काश्मीरमध्ये!

शिकवणाऱ्यांना मी एकदा विचारलं की तुम्ही स्वतः ग्लोव्ह्ज का घालता? ते हसले, म्हणाले, मला दिवसात चाळीस पट्ट्या लावायच्या असतात. मग आरिफ खानचं नाव निघालं. इथल्याच उतारांवर तयार झालेला हा स्कीअर २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये भारताचा एकटा खेळाडू होता. जायंट स्लॅलममध्ये, म्हणजे खांबांना वळसे घालत उतरायच्या शर्यतीत, ४५वा आला. शर्यतवाले बहुतेक पाच बोटांचेच, पण वरून कडक गादी लावलेले घालतात, कारण वळणावरचे खांब हातावर आदळतात. त्यांचं धावणं मिनिट-दीड मिनिटाचं. तेवढ्यात कशाला गारठताहेत?

शेवटच्या दिवशी गोंडोलाच्या, म्हणजे तिथल्या रोपवेच्या, दुसऱ्या टप्प्यानं वर अफरवटला गेलो, ३,९५० मीटरच्या आसपास. स्की करायला नाही, तेवढी अक्कल होती, नुसतं बघायला. वारा असा की डोळ्यांतलं पाणी पापणीवर थांबत होतं. समोर काय दिसत होतं त्याचं वर्णन मी करणार नाही, त्याचे फोटो सगळ्यांकडं आहेत. माझ्याकडं नाहीत. एकदा मिटन काढला, मोबाईल हातात घेतला, आतल्या पातळ मोज्यातून गारवा सुईसारखा आला, आणि "दोन मिन्टाचं काम" असं अगदी आबांच्या आवाजात ऐकू आलं. मोबाईल ठेवून दिला.

आता कुणी विचारलं की काय घेऊ, तर मीही उलटा प्रश्नच विचारते. उतारावर सराईत असाल, किंवा फेब्रुवारी सरून ऊन वाढलं असेल, तर पाच बोटांचे घ्या आणि मनगट लांब बघून घ्या. नवखे असाल, थंडीनं बोटं लवकर पांढरी पडत असतील, किंवा बर्फात नुसतं उभं राहायचं असेल, तर मिटन. स्नोबोर्डवाल्यांच्या हातात काठ्याच नसतात, त्यांना मिटनचं सुख जास्त. खेकड्याच्या नांगीसारखे तीन भागांचेही मिळतात, तर्जनी वेगळी आणि बाकी तीन एकत्र. आमच्यातल्या एकीकडं होते, आणि मला ते ना धड घरचे ना घाटचे वाटले, पण ती खूष होती. आतला मोजा सुती नको, घाम धरून ठेवतो. आणि काहीही घ्या, घट्ट घेऊ नका. घट्ट मोज्यात हवा उरत नाही, रक्तही अडतं. दुकानदार हाताला 'फिट' बसतोय म्हणून कौतुक करतो तो जोड परत ठेवायचा. हे कापडाचं झालं. चेन ओढायला बरोबर कोण आहे, ते ज्याचं त्यानं बघावं.

परत आल्यावर मिटन ट्रंकेत पडून होते. या डिसेंबरात साताऱ्यात जरा बरी थंडी पडली. आबा पहाटे टेकडीवरच्या 'चार भिंती' स्मारकापर्यंत चालत जातात. माकडटोपी, मफलर, माझ्या भावानं दिलेलं जॅकेट. थंडीत त्यांची ती दोन बोटं ठणकतात, हे मला आता माहीत आहे, म्हणून मी मिटन काढून खुंटीला जॅकेटवर अडकवून ठेवले. काही बोलले नाही. दोन दिवस ते तिथंच लटकत होते. आई म्हणाली, बाळाचे मोजे वाळत घातलेत जणू.

तिसऱ्या दिवशी पहाटे मी पळायला निघायच्या घाईत बुटांची नाडी बांधत होते, तर आबा दारात. दोरी गळ्यात, दोन्ही हात काळ्या पिशव्यांत, आणि जॅकेट पुढून उघडंच. मोजे आधी घातले, जॅकेट नंतर आठवलं. एकदा मोजा काढायला म्हणून त्यांनी दातात धरला. मग सोडून दिला. माझ्यापुढं येऊन उभे राहिले आणि हनुवटी वर केली.

"चेन तेवढी लाव, बाय."